भूचुंबकीय वादळे

भूचुंबकीय वादळे : पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात एकाएकी सुरू होणाऱ्या, काही तासांपासून काही दिवसांपर्यंत टिकणाऱ्या व जवळजवळ सर्व पृथ्वीवर एकाच वेळी जाणवणाऱ्या विक्षोभांना भूचुंबकीय वादळे म्हणतात. सूर्यापासून सर्व दिशांना सतत वाहणाऱ्या विद्युत् भारित कणांच्या प्रवाहात (सौर वातात) मोठे फेरफार झाले आणि ते पृथ्वीपर्यंत पोहोचले म्हणजे अशी वादळे उद्‌भवतात. वादळाच्या काळात होकायंत्राची सूची अस्थिर होते, ध्रुवीय प्रकाश नेहमीपेक्षा पुष्कळ कमी अक्षांशांवर दिसू लागतो, रेडिओ संदेशवहनात व्यत्यय येतो आणि लांब अंतराच्या तारांमध्ये व नळांमध्ये विद्युत् प्रवाह प्रवर्तित होतात. हवेतील वादळांशी त्यांचा काहीही संबंध नाही. केवळ साधर्म्यामुळे ‘वादळ’ ही संज्ञा रूढ झाली आहे. या वादळांचे मूळ सूर्यात आहे, ही गोष्ट आज सर्वमान्य असली, तरी ती सिद्ध होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. या शोधाच्या इतिहासात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील नोंदींना महत्त्वाचे स्थान आहे.

सामान्य स्वरूप : पृथ्वीच्या पृष्ठभागावर चुंबकीय क्षेत्राची तीव्रता स्थलपरत्वे सु. २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला असते. शांत दिवशी तिच्यात होणारे दैनंदिन बदल काही दशक नॅनोटेस्लांपुरते मर्यादित असतात. वादळात मात्र क्षेत्राच्या आडव्या (क्षैतिज) घटकात ठराविक क्रमाने बदल होतात. प्रथम काही मिनिटांत हा घटक एकदम वाढतो. यास ‘आकस्मिक प्रारंभ’ म्हणतात. ही वाढ काही तास टिकल्यानंतर त्याचे मूल्य घसरू लागते व नेहमीच्या मूल्याच्या खाली शंभर किंवा कित्येक शेकडे नॅनोटेस्लांपर्यंत जाते. ही ‘मुख्य अवस्था’ होय. त्यानंतर एक ते अनेक दिवसांत क्षेत्र हळूहळू पूर्वपदावर येते. काही वादळांत आकस्मिक प्रारंभ आढळत नाही. मुख्य अवस्थेतील घट विषुववृत्ताच्या आसपासच्या प्रदेशात स्पष्टपणे दिसते, तर ध्रुवांजवळ जलद व अनियमित आंदोलने प्रबळ असतात. यामुळे वादळाचे एकूण मान ठरविण्यासाठी भारतासारख्या कमी अक्षांशांच्या प्रदेशांतील नोंदी विशेष उपयुक्त ठरतात.

प्रारंभीचे वेध : पृथ्वी हाच एक प्रचंड चुंबक आहे, हे विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रतिपादन केले. हा चुंबक स्थिर नाही, हे हळूहळू लक्षात येत गेले. लंडन येथील चुंबकीय दिक्पात (भौगोलिक उत्तर व चुंबकीय सूचीची दिशा यांमधील कोन) कालांतराने बदलत असल्याचे हेन्री गेलिब्रँड यांनी १६३५ मध्ये दाखवून दिले. हा बदल अनेक वर्षांत होणारा होता. लंडनचे घड्याळे बनविणारे कुशल कारागीर जॉर्ज ग्रॅहॅम यांनी १७२२ मध्ये सूक्ष्म सूचीचा उपयोग करून दिक्पात दिवसाच्या निरनिराळ्या वेळी बदलतो आणि काही दिवशी तो विशेष चंचल होतो, असे नमूद केले.

स्वीडनमधील उप्साला येथे आंडर्स सेल्सिअस व त्यांचे सहकारी ओलोफ ह्यॉर्टर यांनी १७४१ मध्ये आकाशात ध्रुवीय प्रकाश असताना सूची विचलित होते, असे पाहिले. त्याच वर्षीच्या ५ एप्रिल रोजी उप्साला येथे सूची अस्वस्थ झालेली असताना लंडन येथे ग्रॅहॅम यांनाही तोच अनुभव आला. दोन्ही गावांतील अंतर हजार किमी.हून जास्त असल्याने या विक्षोभाचे कारण स्थानिक असू शकत नाही, हे उघड झाले.

प्रसिद्ध प्रवासी व निसर्गवैज्ञानिक अलेक्झांडर फोन हंबोल्ट यांनी १८०६–०७ या काळात बर्लिन येथे रात्रीच्या रात्री जागून सूचीचे वेध घेतले. डिसेंबर १८०६ मध्ये ध्रुवीय प्रकाश दिसत असताना सूचीची जोराची हालचाल त्यांनी पाहिली. अशा प्रसंगांना ‘चुंबकीय वादळ’ हे नाव त्यांनीच दिले. एकाच ठिकाणच्या वेधांनी या घटनेचा उलगडा होणार नाही, तर पृथ्वीवर ठिकठिकाणी एकाच वेळी वेध घेतले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यातून प्रेरणा घेऊन कार्ल फ्रीड्रिख गौस व व्हिल्हेल्म व्हेबर यांनी गटिंगेन येथे १८३० नंतरच्या दशकात चुंबकीय संघाची स्थापना केली. संघाशी संलग्न वेधशाळा ठरवून दिलेल्या दिवशी गटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे एकाच क्षणी वेध घेत असत. चुंबकीय तीव्रता निरपेक्ष एककांत मोजण्याची रीतही गौस यांनीच १८३२ मध्ये शोधून काढली होती. त्यामुळे एका ठिकाणच्या नोंदीची दुसऱ्या ठिकाणच्या नोंदीशी तुलना करणे शक्य झाले.

कुलाबा वेधशाळा : चुंबकीय वेधांचे हे जाळे जगभर पसरविण्यासाठी ब्रिटनमध्ये एडवर्ड सॅबाइन यांनी मोठी खटपट केली. तिला अनुसरून कॅनडातील टोराँटो, सेंट हेलीना, केप ऑफ गुड होप व टास्मानियातील होबार्ट येथे वेधशाळा उभारण्यात आल्या. ईस्ट इंडिया कंपनीनेही या योजनेत भाग घेतला. मुंबई बेटाच्या दक्षिण टोकास कुलाबा येथे कंपनीने १८२६ मध्ये स्थापिलेली एक वेधशाळा होती. जहाजांना अचूक वेळ पुरविणे हा तिचा मूळ हेतू होता. तेथे एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार यांच्या देखरेखीखाली १८४१ पासून चुंबकीय वेध घेण्यास प्रारंभ झाला. आद्य मराठी पत्रकार व गणिताचे अध्यापक बाळशास्त्री जांभेकर यांचा या वेधशाळेशी संबंध होता आणि पुढे गणित व ज्योतिष यांत नाव मिळविलेले त्यांचे शिष्य केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी तेथे साहाय्यक म्हणून काम केले होते.

१८४६ पासून या वेधांना अधिक नियमितपणा आला. डब्लिन येथील टॉमस ग्रब यांनी तयार केलेल्या उपकरणांत टांगलेल्या चुंबकाचे विचलन दुर्बिणीतून डोळ्यांनी वाचावे लागे. अहोरात्र दर तासाला वाचन घेऊन ते वहीत उतरविण्यात येई. विक्षोभ जाणवू लागला म्हणजे वाचने पंधरा किंवा पाच मिनिटांच्या अंतराने घेण्याची पद्धत होती. ही शिस्त वरकरणी कंटाळवाणी वाटली, तरी तिचे मोल पुढे दीडशे वर्षांनी प्रत्ययास आले.

सौर डाग व भूचुंबकत्व : जर्मनीतील डेसाऊ येथील हौशी ज्योतिर्विद हाइन्रिख श्वाबे यांनी १८२६ पासून सूर्यावरील डागांची रोज मोजणी चालविली होती. डागांची संख्या सु. दहा वर्षांच्या कालावधीने कमीजास्त होते, असा निष्कर्ष त्यांनी १८४३ च्या सुमारास काढला. १८५२ मध्ये सॅबाइन यांना टोराँटो व होबार्ट येथील विक्षोभांची संख्याही याच कालावधीने व याच क्रमाने बदलत असल्याचे आढळले. स्वित्झर्लंडमधील रूडॉल्फ व्होल्फ व आल्फ्रेड गोत्ये हेही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाप्रत आले. पुढे या चक्राचा सरासरी कालावधी सु. ११ वर्षे असल्याचे निश्चित झाले [→ सौर डाग]. सूर्य व होकायंत्राची सूची यांच्यात काही तरी नाते आहे, असे या संख्या सांगत होत्या. परंतु एखादे विशिष्ट वादळ सूर्यावरील एखाद्या विशिष्ट घटनेशी जोडता येत नव्हते.

१८५९ चे वादळ : ही संधी १ सप्टेंबर १८५९ रोजी आली. इंग्लंडमधील रेडहिल येथे रिचर्ड कॅरिंग्टन हे सकाळी डागांच्या एका मोठ्या समूहाचे चित्र काढीत असताना ११ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास त्या समूहावर अत्यंत प्रखर शुभ्र प्रकाशाचे दोन ठिपके उमटले व सु. पाच मिनिटांत नाहीसे झाले. लंडनजवळच्या हायगेट येथून रिचर्ड हॉजसन यांनीही हा प्रकार स्वतंत्रपणे पाहिला. सौर उज्ज्वालेचे हे पहिले ज्ञात वेध होत. क्यू येथील वेधशाळेतील स्वयंलेखी उपकरणांवर त्याच क्षणी एक लहानसा धक्का नोंदला गेला होता. त्यानंतर सु. साडेसतरा तासांनी, म्हणजे २ सप्टेंबर रोजी, नोंदल्या गेलेल्या इतिहासातील सर्वांत प्रखर मानले जाणारे चुंबकीय वादळ सुरू झाले. क्यूबासारख्या उष्ण कटिबंधातील बेटावरही ध्रुवीय प्रकाश दिसला. युरोप व अमेरिकेतील तारायंत्रांचे काम विस्कळित झाले. अमेरिकेतील बॉस्टन व पोर्टलंड यांमधील तारमार्गावर विद्युत् घट काढून टाकूनही केवळ तारेत प्रवर्तित झालेल्या प्रवाहावर संदेश पाठविता आले.

या वादळात अनेक युरोपीय वेधशाळांतील आलेखरेषा कागदाच्या बाहेर गेल्याने क्षेत्र नेमके किती बदलले, हे कळू शकले नाही. कुलाबा येथे मात्र डोळ्यांनी वाचने घेण्याचे काम चालूच राहिले. २ सप्टेंबर रोजी मुंबईच्या मध्याह्नापूर्वी आडवी तीव्रता अल्पावधीत सु. १,६०० नॅनोटेस्लांनी घटली, असे या वाचनांवरून दिसते. ही घट तेथील आडव्या तीव्रतेच्या सु. ४ टक्के होती. कमी अक्षांशावरील या नोंदीचा सखोल अभ्यास २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्सालेस, गुरबक्षसिंग लखिना व शोभना ॲलेक्स यांनी प्रसिद्ध केला आणि १८५९ च्या वादळाचे मान ठरविण्यास त्यामुळे भक्कम आधार मिळाला. तासाच्या सरासरीने हिशोब केल्यास ही घट याहून बरीच कमी भरते. तसेच तिच्यापैकी किती भाग ध्रुवीय प्रदेशांतील प्रवाहांमुळे असावा, याविषयी तज्ञांत मतभेद आहेत. तथापि वादळाची तीव्रता असाधारण होती, याबद्दल दुमत नाही.

४ फेब्रुवारी १८७२ रोजी अशाच एका प्रचंड वादळाच्या वेळी खुद्द मुंबईहून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे. इतक्या कमी चुंबकीय अक्षांशावर तो दिसल्याचे उदाहरण अत्यंत विरळ होय.

केल्व्हिन यांचा आक्षेप : कॅरिंग्टन यांनी आपण पाहिलेली घटना व नंतरचे वादळ यांचा कार्यकारणसंबंध आहे, असे ठामपणे म्हणण्याचे टाळले, एका उदाहरणावरून नियम बांधणे त्यांना धोक्याचे वाटले. त्यांची सावधगिरी अनाठायी नव्हती, कारण हा संबंध मान्य करण्यात एक मोठी सैद्धांतिक अडचण होती. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८९२ मध्ये रॉयल सोसायटीच्या अध्यक्षीय भाषणात ती स्पष्ट शब्दांत मांडली. सूर्य हा चुंबक मानला आणि त्याच्यातील बदलांमुळे पृथ्वीवर वादळे होतात असे गृहीत धरले, तर जून १८८५ मधील एका मध्यम वादळाच्या आठ तासांत सूर्याला जेवढे कार्य करावे लागले असते, तेवढी ऊर्जा तो उष्णता व प्रकाश यांच्या रूपाने चार महिन्यांत देतो, असे त्यांनी गणिताने दाखविले. यावरून सूर्य हा वादळांचा प्रत्यक्ष कर्ता असू शकत नाही आणि डाग व वादळे यांचे साहचर्य हा योगायोग असावा, असे मत त्यांनी व्यक्त केले.

केल्व्हिन यांचे गणित बिनचूक होते. मात्र सूर्याचा प्रभाव पोकळ अवकाशातून चुंबकीय बलाच्या रूपानेच पृथ्वीपर्यंत येतो, हे त्यांचे गृहीतक बरोबर नव्हते. सूर्य द्रव्यच फेकत असेल आणि ते पृथ्वीच्याच रोखाने येत असेल, तर एवढ्या ऊर्जेची आवश्यकता उरत नाही. तथापि त्यांच्या अधिकारामुळे हा विषय काही काळ संशयास्पद ठरला.

१९०४ मध्ये ग्रिनिच वेधशाळेतील एडवर्ड वॉल्टर माँडर यांनी १८८२ ते १९०३ या काळातील वादळांची छाननी केली. वादळे पुष्कळदा २७ दिवसांच्या अंतराने पुन्हा उद्‌भवतात, असे त्यांना आढळले. पृथ्वीवरून पाहिले असता सूर्याला स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करण्यास एवढाच काळ लागतो. त्यामुळे वादळांचे कारण सूर्याच्या पृष्ठभागावरील मर्यादित क्षेत्रांत असून तेथून निघणारा प्रभाव सर्व दिशांना न पसरता अरुंद झोतांच्या रूपाने बाहेर पडतो, असे त्यांनी अनुमान केले. केल्व्हिन यांच्या आक्षेपाला हे निरीक्षणाच्या आधारे दिलेले उत्तर होते.

कणप्रवाहाची कल्पना : झोत कशाचा असावा, हा पुढील प्रश्न होता. नॉर्वेचे क्रिस्तियान बिर्केलान यांनी १८९६ पासून सूर्यापासून येणाऱ्या ऋण किरणांची कल्पना मांडली. निर्वात पेटीत चुंबकित गोलावर असे किरण सोडून त्यांनी गोलाच्या ध्रुवांभोवती दीप्तिमान वलये निर्माण करून दाखविली. ध्रुवीय प्रदेशात १९०२–०३ मध्ये काढलेल्या मोहिमेत त्यांनी घेतलेल्या वेधांवरून वादळाच्या वेळी वातावरणाच्या वरच्या थरांत चुंबकीय रेषांना अनुसरून प्रवाह वाहतात, असा निष्कर्ष निघाला. हे प्रवाह पुढे उपग्रहांनी प्रत्यक्ष पाहिले व त्यांना बिर्केलान यांचे नाव देण्यात आले. परंतु एकाच प्रकारच्या विद्युत् भाराचे कण परस्परांना दूर ढकलतात, म्हणून असा झोत पृथ्वीपर्यंत एकत्र राहणे शक्य नाही, असा आक्षेप आर्थर शूस्टर यांनी घेतला. १९१९ मध्ये फ्रेडरिक लिंडमान यांनी झोतात धन व ऋण कण समसमान असावेत, म्हणजे तो एकूण विद्युत् उदासीन असावा, असे सुचवून या आक्षेपाचे निरसन केले. अशा आयनीभूत वायूस आज आयनद्रायू म्हणतात.

याच सुमारास वादळांच्या सांख्यिकीय अभ्यासालाही वेग आला. कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांतील मुंबईच्या नोंदींचे संकलन व विवेचन १९१० मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केले. त्यात वादळांच्या सरासरी स्वरूपाचीही चर्चा होती. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहांमुळे वेध बिघडतील हे ओळखून चुंबकीय वेधांचे काम अलिबाग येथे हलविण्यात आले. तेथे चुंबकीय पदार्थ टाळून बांधलेल्या इमारतीत १९०४ मध्ये काम सुरू झाले. १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेऊन दोन्ही नोंदींचा मेळ बसविण्यात आला. यामुळे १८४० नंतरच्या दशकात सुरू झालेली ही नोंदमाला अखंड राहिली. जगातील अशा दीर्घतम मालिकांमध्ये तिची गणना होते.

सिडनी चॅपमन यांनी अनेक वेधशाळांच्या नोंदी एकत्र करून वादळाचे जागतिक स्वरूप १९१८ पासून मांडण्यास सुरुवात केली. १९३०–३१ मध्ये त्यांनी व व्हिन्सेंट फेरारो यांनी आयनद्रायूचा झोत पृथ्वीवर आदळल्यास काय होईल, याचे गणित केले. आयनद्रायू उत्तम विद्युत् संवाहक असल्याने पृथ्वीचे क्षेत्र त्यात शिरू शकत नाही. उलट झोतच त्या क्षेत्राला सूर्याच्या बाजूने दाबतो व त्याच्याभोवती पोकळी निर्माण होते. हे दाबले जाणे म्हणजेच आकस्मिक प्रारंभ. मुख्य अवस्थेतील घट पृथ्वीभोवती हजारो किमी. उंचीवरून पश्चिमेकडे वाहणाऱ्या वलयाकार प्रवाहामुळे होते, असे त्यांनी सुचविले. दोन्ही अनुमाने अवकाशयुगात खरी ठरली.

सौर वात : चॅपमन यांच्या मते दोन सूर्य-पृथ्वी घटनांच्या मधल्या काळात अवकाश जवळजवळ रिकामे असे. धूमकेतूंच्या पुच्छांचा अभ्यास करताना जर्मन शास्त्रज्ञ लूटव्हिख बिअरमान यांनी १९५१ मध्ये याहून वेगळा निष्कर्ष काढला. पुच्छे सूर्याच्या विरुद्ध दिशेस वळतात, ते केवळ प्रकाशाच्या दाबाने होऊ शकत नाही. सूर्यापासून कण सतत बाहेर पडत असले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकन शास्त्रज्ञ यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये या दोन्ही विचारांची सांगड घातली. सूर्याच्या किरीटाचे (सर्वांत बाहेरील विरल वातावरणाचे) तापमान दहा लाख अंशांहून अधिक असल्याने ते स्थिर राहू शकत नाही, तर स्वनातीत वेगाने सतत बाहेर वाहत राहते, असे त्यांनी गणिताने दाखविले व या प्रवाहास ‘सौर वात’ हे नाव दिले. त्यांचा निबंध परीक्षकांनी नाकारला होता. परंतु संबंधित नियतकालिकाचे संपादक, भारतात जन्मलेले ज्योतिर्भौतिकीविज्ञ सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांना गणितात चूक आढळली नाही, म्हणून त्यांनी तो आपल्या अधिकारात छापला. सोव्हिएट रशियाच्या लूना यानांनी १९५९ मध्ये या प्रवाहाचे पहिले पुरावे दिले आणि शुक्राकडे निघालेल्या अमेरिकेच्या मरिनर–२ यानाने १९६२ मध्ये तो अखंड वाहत असल्याचे निर्विवाद सिद्ध केले. पृथ्वीजवळ सौर वाताचा वेग साधारणतः सेकंदाला ३०० ते ८०० किमी. असून एक घन सेंमी. जागेत सरासरी पाचच्या आसपास प्रोटॉन असतात. इतका विरल प्रवाह पृथ्वीच्या क्षेत्राला सूर्याच्या बाजूने सु. ६४,००० किमी. अंतरावर थोपवून धरतो आणि विरुद्ध बाजूस त्याला लांब पुच्छाचा आकार देतो. या बंदिस्त प्रदेशास चुंबकांबर म्हणतात.

वादळाची यंत्रणा : केवळ सौर वाताचा वेग वाढला म्हणजे वादळ होते असे नाही. सौर वात आपल्याबरोबर सूर्याचे चुंबकीय क्षेत्र वाहून आणतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स डंजी यांनी १९६१ मध्ये असे दाखविले की, या क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असेल, म्हणजे सूर्यासमोरील बाजूस पृथ्वीच्या उत्तरेकडे असलेल्या क्षेत्राच्या उलट असेल, तर दोहोंच्या रेषा तुटून एकमेकींस जोडल्या जातात. यास चुंबकीय पुनःसंयोग म्हणतात. एरवी बंद असणारे दार जणू यामुळे उघडते व सौर वाताची ऊर्जा चुंबकांबरात शिरते. तेथील कण वेगवान होऊन वलयप्रवाह प्रबळ करतात आणि त्या प्रवाहाच्या क्षेत्रामुळे जमिनीवरील आडवी तीव्रता घटते. दिशा उत्तरेकडे असेल, तर जोराचा झोतही फारसा परिणाम न करता निघून जातो. उपग्रहांच्या वेधांनी १९६० नंतरच्या दशकात या विचारास पुष्टी मिळाली. मोठ्या वादळांत वलयप्रवाहातील पुष्कळ कण सूर्याचे नसून पृथ्वीच्याच आयनांबरातून वर खेचले गेलेले ऑक्सिजन आयन असतात, हे १९८४ नंतरच्या उपग्रहांमुळे समजले. मार्च व सप्टेंबर या संपातांच्या सुमारास वादळे अधिक होतात, या जुन्या निरीक्षणाचाही काही उलगडा पृथ्वीच्या अक्षाचा कल व सौर क्षेत्राची दिशा यांच्या संबंधातून होतो.

सूर्यावरील उगमही दोन प्रकारचे असल्याचे आढळले. किरीटातील कमी घनतेच्या भागांतून (किरीट विवरांतून) वेगवान वात सतत बाहेर पडतो व तो दर २७ दिवसांनी पृथ्वीवरून फिरतो. माँडर यांची पुनरावर्ती वादळे ती हीच. १९७३–७४ मधील स्कायलॅब या अवकाशस्थानकावरील वेधांनी या विवरांचे स्वरूप स्पष्ट केले. दुसरा प्रकार म्हणजे किरीटातून एकाएकी उत्सर्जित होणारे द्रव्याचे प्रचंड लोट. असा लोट डिसेंबर १९७१ मध्ये ओएसओ–७ या उपग्रहावरून प्रथम टिपला गेला. एका लोटात शंभर कोटी टनांपर्यंत द्रव्य असू शकते. सर्वांत तीव्र वादळे अशा लोटांमुळेच होतात. १८५९ मध्ये कॅरिंग्टन यांनी पाहिलेली उज्ज्वाला व नंतरचे वादळ ही एकाच उद्रेकाची दोन अंगे होती : उज्ज्वालेतील क्ष-किरणांनी आठ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचून आयनांबरातील प्रवाह वाढविल्याने क्यू येथील लहान धक्का बसला, तर सेकंदाला सरासरी सु. २,३०० किमी. वेगाने आलेल्या द्रव्याने नंतरचे वादळ घडविले.

आधुनिक जीवनावरील परिणाम : तारायंत्रे गेली, तरी तारांचे जाळे पूर्वीपेक्षा किती तरी पट वाढले. क्षेत्र जलद बदलले म्हणजे जमिनीत विद्युत् दाब निर्माण होतो व वीजवाहिन्यांमधून जवळजवळ एकदिश प्रवाह वाहून रोहित्रे तापतात. १३ मार्च १९८९ रोजीच्या वादळात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील वीजपुरवठा सु. दीड मिनिटात कोसळला आणि सु. ६० लाख लोक नऊ तासांपर्यंत विजेवाचून राहिले. ऑक्टोबर २००३ मधील वादळात स्वीडनमधील माल्म येथे असाच प्रसंग उद्‌भवला. वादळात वातावरणाचे वरचे थर तापून फुगतात, त्यामुळे कमी उंचीवरील उपग्रहांना होणारा रोध वाढतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये नुकत्याच सोडलेल्या ४९ लहान उपग्रहांपैकी बहुतेक उपग्रह एका सौम्य वादळातच नष्ट झाले. १०–११ मे २०२४ रोजीच्या वादळात आडव्या तीव्रतेची जागतिक सरासरी घट सु. ४०० नॅनोटेस्लांपर्यंत गेली. लडाखमधील हानले येथून आकाशात तांबूस प्रकाश दिसला आणि उपग्रहांच्या साहाय्याने दिशा ठरविणाऱ्या अमेरिकेतील शेतयंत्रांचे काम अडले. जुलै २०१२ मध्ये सूर्यापासून निघालेला एक अतिवेगवान लोट पृथ्वीच्या रोखाने न आल्याने अनर्थ टळला. तो वाटेतील एका यानावर आदळला व त्याच्या मापनांवरून त्याची शक्ती १८५९ च्या तोडीची असावी, असा अंदाज करण्यात आला आहे.

पूर्वसूचना : सूर्य व पृथ्वी यांना जोडणाऱ्या रेषेवर पृथ्वीपासून सु. १५ लाख किमी. अंतरावर असलेल्या बिंदूपाशी यान ठेवल्यास सौर वाताचे सतत निरीक्षण करता येते. तेथे १९९५ मध्ये सोडलेले सोहो व १९९७ मध्ये सोडलेले एस ही याने कामास लागली. भारताचे आदित्य–एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी प्रक्षेपित होऊन ६ जानेवारी २०२४ रोजी या बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावले. सूर्यावरून लोट निघाल्याचे समजल्यापासून तो पृथ्वीवर येईपर्यंत एक ते चार दिवसांचा अवधी मिळतो. परंतु त्यातील चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे आहे की उत्तरेकडे, हे तो या यानांपाशी पोहोचल्यावरच निश्चित कळते आणि तेव्हा हाती एक तासाहून कमी वेळ, अतिवेगवान लोटाच्या बाबतीत तर जेमतेम पाव तास, उरतो. पूर्वकथनातील ही मुख्य उणीव आहे.

अशा स्थितीत अतितीव्र वादळे किती वर्षांनी होतात, या प्रश्नाचे उत्तर जुन्या नोंदींतच शोधावे लागते, कारण अवकाशयुगात १८५९ च्या तोडीचे वादळ पृथ्वीवर झालेले नाही. वीजवाहिन्या व उपग्रह यांची रचना कोणत्या कमाल आघातास तोंड देण्याजोगी असावी, हे ठरविताना त्या वादळाचा आधार घेतला जातो. भारतात या विषयाचे काम १९७१ मध्ये स्वायत्त झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. कुलाब्याहून तिचे मुख्यालय पुढे नवी मुंबईतील पनवेल येथे गेले. अलिबागसह देशातील अनेक वेधशाळा ती चालविते. भारताच्या दक्षिण टोकाजवळून चुंबकीय विषुववृत्त जात असल्याने तेथे दिवसा आयनांबरात एक प्रबळ पूर्ववाहिनी प्रवाह असतो व वादळांचा त्याच्यावर होणारा परिणाम हा या वेधशाळांच्या अभ्यासाचा खास विषय आहे. कुलाबा व अलिबाग येथील जुन्या वह्या आणि आलेख यांचे अंकीय स्वरूपात रूपांतर करण्याचे कामही या संस्थेने हाती घेतले. तारायंत्राच्या काळात दिव्याच्या उजेडात दुर्बिणीतून वाचलेले आकडे अशा रीतीने आजच्या वीजकेंद्रांच्या सुरक्षिततेच्या हिशोबात उपयोगी पडत आहेत.